गोष्ट आमची, तात्पर्य मालकाचे

डिलाईल रोडवरील एका चाळीच्या तळमजल्यावर आमचे काही कार्यकर्ते दर रविवारी सकाळी मुलांचे वाचनालय चालवितात. दोन लोखंडी कपाटे, एक सतरंजी आणि पंचवीस-तीस मुले एवढाच त्याचा संसार. गेल्या पावसाळ्यात तेथे एक शिक्षिका लहान मुलांना चिमणी-कावळ्याची गोष्ट वाचून दाखवीत होत्या. मुसळधार पाऊस येतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो मेणाच्या घरात राहणाऱ्या चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी आत बाळाचे न्हाणेमाखणे, काजळतीट करीत त्याला भिजत ठेवते. गोष्ट संपली. खाली तात्पर्य छापलेले होते. कावळ्याने वेळीच मजबूत घर बांधले नाही, म्हणून त्याच्यावर ही पाळी आली, असा त्याचा आशय. तेव्हा दुसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, “पण बाई, कावळ्याला मेण मिळालंच नसेल तर?”

बाईंना उत्तर सुचले नाही. मागे बसलेल्या मलाही सुचले नाही. सत्तर-ऐंशी वर्षे मराठी मुले ही गोष्ट पुस्तकांतून वाचीत आली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आजीच्या तोंडून ऐकत आली. दार न उघडणाऱ्या चिमणीबद्दल आपल्याला कधी काही वाटले नाही. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला मात्र ते पहिल्याच ऐकण्यात खटकले.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, मध्यंतरी एका दानशूर गृहस्थांनी या वाचनालयाला जुन्या नीतिकथांच्या पुनर्मुद्रित पुस्तकांचे शंभर संच देऊ केले. अट एकच होती. वाटपाचा समारंभ व्हावा आणि त्यात ‘संस्कारांचे महत्त्व’ या विषयावर त्यांचे चार शब्द व्हावेत. आमच्या कार्यकर्त्यांत लागलीच दोन तट पडले. पहिला तट म्हणतो, “घ्यावेत. मुले निदान मोबाईल खाली ठेवून काही वाचतील. आपणही याच पुस्तकांवर वाढलो, आपले काय बिघडले?” दुसरा तट म्हणतो, “हा सरंजामी आणि भांडवली मूल्यांचा कचरा आहे, दारातूनच परत पाठवावा.” माझ्या मते दोन्ही तट चुकत आहेत, आणि दोघेही एकाच ठिकाणी चुकत आहेत. गोष्ट आणि तिचे तात्पर्य या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे मालकही निरनिराळे आहेत, हे दोघांच्याही ध्यानात आलेले नाही.

कोणत्या मुलासाठी?

छापील मराठी बालपुस्तक आणि नीतीचा उपदेश यांची गाठ जन्मापासूनची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली, ती इसापाच्या कथांचीच होती. विल्यम कॅरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ आणि तिच्या पाठोपाठ ‘हितोपदेश’ व ‘पंचतंत्र’ मराठीत बाहेर पडली. १८२२ साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिच्याशी निगडित असलेल्या सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणि इसापनीती ही दोन पुस्तके मराठी मुलांच्या हाती दिली. ‘बाळमित्रा’चे मूळ बर्कँ या फ्रेंच लेखकाच्या, अठराव्या शतकातील पुस्तकात आहे. बाळशास्त्री जांभेकरांनीही नीतिकथा लिहिल्या. या मंडळींनी मराठी गद्याला वळण लावले, मुलासाठी स्वतंत्र पुस्तक असू शकते ही कल्पनाच येथे रुजविली. त्यांचे हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा आपण करण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळा आहे. ही पुस्तके ज्या मुलासाठी लिहिली गेली ते मूल कोणते? ते नव्या सरकारी शाळेत जाणारे, बहुधा उच्चवर्णीय घरातले, पुढे कारकून, शिक्षक किंवा मामलेदार होऊ पाहणारे मूल होते. त्याच्या अंगी बाणवावयाचे गुणही ठरलेले होते : आज्ञाधारकपणा, वक्तशीरपणा, उद्योग, काटकसर आणि आहे त्यात संतोष. यांपैकी कोणताही गुण वाईट नाही. पण एकत्र मांडून पाहिले म्हणजे लक्षात येते की मालकाला नोकराच्या ठायी जे जे हवे असते त्याचीच ही यादी आहे. या पुस्तकांत श्रीमंताने दया करावी आणि गरिबाने कृतज्ञ राहावे, अशी नीतीची वाटणी झालेली दिसते. न्याय हा शब्द तेथे क्वचितच भेटतो, आणि भेटला तरी तो राजाच्या दरबारात भेटतो. घामाचे दाम मागण्याच्या संदर्भात भेटत नाही.

१८८१ ची दोन मुले

१८८१ हे साल या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक सुरू केले आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ निष्ठेने चालविले. चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय विषयांची माहिती असा भरगच्च मजकूर सोप्या मराठीत देणारे ते मासिक होते. ओकांच्या कष्टांविषयी आदरच बाळगला पाहिजे.

त्याच १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामावर ठेवू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम करून घेऊ नये, असे त्याने ठरविले. महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, अशी उदारताही त्यात होती. म्हणजे सात वर्षांच्या पोराने नऊ तास साच्यांमध्ये राबणे हे त्या वर्षापासून पूर्ण कायदेशीर झाले. १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षे वय आणि सात तास काम अशी झाली. बारा वर्षांखालील मुलाला गिरणीबाहेर ठेवण्यासाठी १९२२ साल उजाडावे लागले.

एकाच शहरात, एकाच वर्षी, ही दोन मुले होती. एकाच्या हातात उद्योगाचे महत्त्व सांगणारे मासिक होते आणि दुसऱ्याच्या हातात सुताचे बॉबिन होते. ज्या मुलाला उद्योगाचा उपदेश चालला होता ते उद्योग करीत नव्हते, आणि जे उद्योग करीत होते त्याला उपदेश वाचण्यापुरतीही अक्षरओळख नव्हती. पहिले मूल मोठे होऊन दुसऱ्याला म्हणणार होते, ‘तू गरीब आहेस, कारण तू आळशी आहेस.’ उद्योगाच्या त्या धड्यांनी पुढे जाऊन केलेले काम ते हे. त्यांनी गरिबाला उद्योगी केले नाही, गरिबीचा दोष गरिबाच्या माथी मारण्याची सोय सुखवस्तूंना करून दिली.

जोतीराव फुल्यांना हे लख्ख दिसत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची जंत्रीच दिली आहे. मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि त्यासोबत नीती व आरोग्य यांचे थोडे धडे, असा तो क्रम आहे. नीती त्यांनी वगळलेली नाही. पण आधी ज्ञान, मग थोडी नीती, हे प्रमाण त्यांनी राखले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असाही त्यांचा आग्रह होता, कारण गोष्ट कोण सांगतो यावर तिचे तात्पर्य ठरते हे ते ओळखून होते.

पोटाची गोष्ट आणि संपाची गोष्ट

आता खुद्द गोष्टींकडे येऊ. इसापाच्या नावावर खपणारी पोटाची आणि अवयवांची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. हात, पाय, दात यांना वाटते की आपण राबतो आणि पोट बसून खाते. ते संप करतात. चार दिवसांत सगळेच गळून जातात, आणि मग त्यांना कळते की पोट आहे म्हणूनच आपण आहोत. तात्पर्य : ज्याने त्याने आपले काम करावे, दुसऱ्याचा हेवा करू नये.

ही गोष्ट प्रथम मुलांना सांगितली गेलीच नव्हती. रोमचा इतिहासकार लिव्ही सांगतो त्याप्रमाणे, इसवी सनापूर्वी ४९४ साली कर्जाने आणि लष्करी चाकरीने पिचलेली रोमची सामान्य प्रजा शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसली. कामगार चळवळीच्या भाषेत बोलावयाचे तर तो सार्वत्रिक संपच होता. तेव्हा उमरावांच्या वतीने मेनेनियस अग्रिप्पा नावाचा गृहस्थ टेकडीवर गेला आणि त्याने संपकऱ्यांना ही पोटाची गोष्ट सांगितली. म्हणजे ज्या गोष्टीला आपण बालनीती समजत आलो ते मुळात वाटाघाटीच्या टेबलावरचे मालकपक्षाचे भाषण आहे! आणि खरी मेख पुढेच आहे. प्रजा गोष्ट ऐकून मुकाट्याने घरी गेली नाही. उमरावांपासून आपले रक्षण करणारे, आपल्यातून निवडलेले प्रतिनिधी तिने पदरात पाडून घेतले आणि मगच ती परतली. संपाची ती जीत मुलांच्या पुस्तकात येत नाही. तेथे भाषण येते, करार येत नाही.

याच्या उलट लांडग्याची आणि कोकराची गोष्ट घ्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला उभा असलेला लांडगा खाली पाणी पिणाऱ्या कोकरावर पाणी गढूळ केल्याचा आरोप ठेवतो. कोकरू पुराव्यानिशी तो खोडून काढते, तेव्हा तो दुसरा आरोप काढतो, मग तिसरा, आणि अखेर त्याला खाऊन टाकतो. ज्याने गिरणीच्या खात्यात एकदा तरी चार्जशीट घेतली आहे, चौकशी अधिकाऱ्यापुढे एकदा तरी उभा राहिला आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जुलमी माणसाचा निकाल आधी ठरतो आणि आरोप मागाहून शोधला जातो, एवढे जळजळीत सत्य तीत आहे. मुलांच्या पुस्तकात मात्र पुष्कळदा तिच्याखाली दुष्टांपासून दूर राहावे, एवढाच मिळमिळीत उपदेश असतो. कोकराने दूर राहावे म्हणजे कोठे राहावे? ओढा एकच आहे.

असे का होते? हिरोडोटसाच्या सांगण्याप्रमाणे इसाप हा सामोस बेटावरचा गुलाम होता. इसापाच्या कथा लॅटिनमध्ये आणणाऱ्या फीड्रसाचाही जन्म गुलामीतलाच. त्याने स्वच्छ म्हटले आहे की, गुलामाला मनातले उघड बोलता येत नव्हते, म्हणून तो प्राण्यांच्या आडून बोलला. गोष्ट अशी खालून वर आलेली आहे. तात्पर्याची शेपटी बहुतेक ठिकाणी मागाहून, वरून चिकटविलेली आहे. गुलामाची गोष्ट मालकाने घेतली, तिच्याखाली आपली सही केली आणि ती गुलामाच्याच मुलांना परत विकली.

मुंगीचे धान्य

डिलाईल रोडवर ज्या एका गोष्टीचा मला सर्वांत अधिक राग येतो ती मुंगी आणि नाकतोड्याची. मुंगी उन्हाळाभर धान्य साठविते, नाकतोडा गात बसतो, हिवाळ्यात तो भिकेला लागतो आणि मुंगी त्याला हाकलून देते. या रस्त्यावर मथुरादास, अपोलो, सीताराम या गिरण्या होत्या. तीन पाळ्यांत येथली मुंगी राबली. वीस-वीस, तीस-तीस वर्षे तिने साचे चालविले, गावाकडे मनिऑर्डरी धाडल्या आणि फंडात दाणा दाणा साठविला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांच्या जमिनीवर टोलेजंग मनोरे व व्यापारी संकुले उभी राहिली. घरांसाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. त्यांतल्या बहुसंख्यांच्या हाती अजून चावी पडलेली नाही.

आता सांगा, येथे मुंगी कोण आणि नाकतोडा कोण? ज्याने आयुष्यभर साठविले तोच हिवाळ्यात उघड्यावर आला. या परिसरातील मुलाने मुंगीची गोष्ट वाचली तर त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा आजोबा उभा राहणार, आणि पुस्तक त्याला सांगणार की गरीब राहिला तो आळशी होता. हा निव्वळ कालबाह्य उपदेश नव्हे. हा एका पिढीच्या श्रमाचा अपमान आहे, आणि तो तिच्याच नातवाच्या तोंडून वदवून घेतला जात आहे. मुंगीचे धान्य कोणी नेले, हा प्रश्न त्या गोष्टीत नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

आपल्याकडील चुका

इतके म्हटल्यावर दुसऱ्या तटाला आनंद होईल. म्हणून त्यांनाही चार शब्द ऐकविणे भाग आहे. जुनी पुस्तके फेकून द्यावीत आणि त्यांच्या जागी आपली, क्रांतीचा उपदेश करणारी पुस्तके आणावीत, अशी त्यांची कल्पना दिसते. म्हणजे शेपटी तशीच ठेवावयाची, फक्त तिचा रंग बदलावयाचा. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी बालपुस्तके एके काळी आपल्या अनेक घरांत होती. ती मुलांना का आवडली? त्यांत पंचवार्षिक योजनांची महती होती म्हणून? मुळीच नाही. त्यांत सुरेख चित्रे होती, बर्फ होते, खोडकर मुले होती, गंमत होती, म्हणून आवडली. जेथे उपदेश आला तेथे मुलांनी पान उलटले. मूल उपदेशाचा वास चटकन ओळखते, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो.

नीती नको, असाही माझा पक्ष नाही. साने गुरुजींचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि तिच्यात पानोपानी नीती आहे. मग ती का टिकली? त्या पुस्तकातील गरिबी ही कोणाच्या आळसाची शिक्षा नाही. सावकाराचे माणूस दारात उभे आहे, कर्ज आहे, आईची विटंबना आहे, आणि हे सारे मुलाच्या डोळ्यांदेखत घडते. शिवाय ज्या लेखणीने माणुसकी लिहिली तिचा धनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. दार न उघडणाऱ्या चिमणीची गोष्ट त्यांनी अशी उलटी करून दाखविली. संस्कारावर भाषण करू इच्छिणाऱ्यांनी आधी स्वतः कोणते दार उघडले तेवढे सांगावे.

आणि या परिसराची स्वतःची नीती काही थोडी नव्हती. कोकण-घाटावरून आलेल्या एकट्या गड्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया संपाच्या दिवसांत उधारीवर ताट वाढीत राहिल्या. त्याच बायांच्या संघटनेतून १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गावकऱ्यांनी कोणाला पावसात बाहेर ठेवले नाही. गिरणी कामगाराने उचलून वाढविलेले एक अनाथ पोर गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले आणि नारायण सुर्वे या नावाने मराठी कवितेत अजरामर झाले. यांतली किती माणसे शिशुवर्गाच्या गोष्टीत आली? चिमणी दार उघडते अशी गोष्ट या चाळींत प्रत्यक्ष घडत होती. ती छापण्याचे मात्र आपण राहून गेलो. हा दोष कोणा भांडवलदाराचा नाही, आपलाच आहे.

मग करावयाचे काय?

माझी सूचना साधी आहे. पुस्तके घ्यावीत, समारंभ घेऊ नये. दानशूर गृहस्थांचे आभार पत्राने मानावेत. प्रत्येक गोष्टीखालच्या तात्पर्यावर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी, आणि त्या पट्टीवर मुलांनी आपले तात्पर्य स्वतः लिहावे. दहा मुलांनी दहा लिहिली तर दहाही वाचून दाखवावीत. त्यांत आपल्याला न पटणारेही असेल. ते खोडण्याचा मोह कार्यकर्त्यांनी आवरावा, कारण एक शेपटी कापून दुसरी लावण्यासाठी हा उद्योग नाही. जोडीला परिसरातील वृद्ध कामगार व खानावळवाल्या बाया यांना दर रविवारी एकेक करून सतरंजीवर बसवावे, त्यांच्या हकिकती मुलांकरवी उतरवून घ्याव्यात आणि त्यांची साधी पुस्तिका काढावी.

हे काम या रस्त्याला परके नाही. आज ज्यांचे नाव तो धारण करतो त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने कामगार वस्त्यांत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली, आणि त्याच जोशींनी १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. वाचनालय आणि युनियन ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. येथल्या ३२ चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि एकशे साठ फुटांच्या खोलीऐवजी पाचशे फुटांचे घर मिळावयाचे आहे. घराचे स्वागतच आहे. पण चाळीचा तळमजला आणि सामाईक गॅलरी गेल्यावर सतरंजी कोठे अंथरावयाची, हा प्रश्न आपल्या रहिवासी समित्यांनी आताच धसास लावला पाहिजे. वाहनतळाला मजले मिळतात, तर मुलांच्या वाचनालयाला एक खोली का मिळू नये?

‘पंचतंत्रा’तील चित्रग्रीव कबुतराची गोष्ट सर्वांना अर्धीच आठवते. जाळ्यात सापडलेली कबुतरे एकदिलाने जाळे घेऊन उडतात, आणि तेथेच ‘एकीचे बळ’ म्हणून पुस्तक मिटते. पुढचा भाग असा आहे : हिरण्यक उंदीर जाळे कुरतडावयास येतो, तो प्रथम आपल्या मित्राचे, म्हणजे राजा चित्रग्रीवाचे पाश तोडू लागतो. चित्रग्रीव त्याला थांबवितो आणि सांगतो की आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे शेवटी. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, आणि त्या वेळी आपल्या पुढाऱ्यांनाही सतरंजीवर बसवावे. तिच्याखाली तात्पर्य छापण्याची गरज नाही.

दुसरीतल्या त्या मुलाला अजून उत्तर मिळालेले नाही. येत्या रविवारी त्याला एवढेच सांगावे की, बाळा, तुझा प्रश्न बरोबर आहे. कावळ्याला मेण मिळाले नव्हते. ते कोणाकडे गेले, हे आपण सगळे मिळून शोधू.